भय्यासाहेबांची तिसरी मिती

जबलपूरच्या नेपियर टाऊनमधल्या मराठी मंडळींची रामनवमीची पंगत दरवर्षी रेवातट सेवा रुग्णालयाच्या मागच्या अंगणात बसत असे, आणि त्या पंगतीत तूप वाढण्याचा मान भय्यासाहेब चांदोरकर यांचा असे. हा मान त्यांना कोणी दिलेला नव्हता. रुग्णालयाचे विश्वस्त झाल्यावर तो त्यांनी स्वतःच घेतला होता, आणि एकदा अंगावर घेतलेले काम सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, डाव्या हातात तुपाचे भांडे आणि उजव्या हातात चमचा घेऊन ते ओळीच्या टोकाला उभे राहिले की पंगतीत एक मूक हालचाल सुरू होई. ते समोर आले की प्रत्येक जण आपली पत्रावळ हलकेच वीतभर पुढे ढकली, तुपाची धार बरोबर भाताच्या मुदीवर पडे, आणि पत्रावळ पुन्हा मागे जाई. एखादा नवखा पाहुणा तेवढा निश्चल बसे, आणि त्याचे तूप सतरंजीला मिळे. पत्रावळ पुढे करणे हा ज्येष्ठांविषयीच्या आदराचा एक प्रकार आहे, अशी भय्यासाहेबांची समजूत होती, आणि पाहुण्यांना हल्ली कोणी रीतभात शिकवत नाही, याची त्यांना खंत होती.

त्यांचे मूळ नाव श्रीकांत. राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयातले त्यांचे वडील कागदपत्रांच्या पेट्यांबरोबर जबलपूरला आले आणि त्या पेट्यांप्रमाणेच येथे कायमचे राहिले. मुलाने पुढे तंत्रनिकेतनात यंत्ररेखनाचे अध्यापन केले. विटेला, नळाच्या तोटीला, दंतचक्राला कागदावर लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही मिती कशा द्याव्यात, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवले. शहरातला निम्मा बांधकाम विभाग त्यांच्या हाताखालून गेलेला होता. त्यांची पेन्सिल नेहमी टोकदार असे, घरातली प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी असे, आणि पाण्याचा तांब्या त्या जागेपासून बोटभर सरकला तरी त्यांना तो सापडत नसे. याला ते शिस्त म्हणत.

शिस्तीचे आणखीही पुरावे होते. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकल्याचा आवाज आल्याशिवाय ते किटली वाकवत नसत. तरुणपणी घेतलेली स्कूटर त्यांनी घमापुरात एका भाजीवाल्याच्या उभ्या गाडीवर घातली होती, आणि ती गाडी नियमबाह्य जागी उभी होती असा निष्कर्ष काढून स्कूटर विकून टाकली होती. तेव्हापासून ते आधी रिक्षाने आणि नंतर ऑटोने हिंडत. लग्नात त्यांनी टाकलेल्या अक्षता वधूवरांपर्यंत क्वचितच पोहोचत. वधूचा मामा आणि भटजी यांना मात्र त्या हमखास लागत, आणि माहितगार भटजी शेवटच्या मंगलाष्टकाला चष्मा काढून खिशात ठेवत.

रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाला एक नियम होता, आणि तो भय्यासाहेबांनीच घालून दिलेला होता. पूर्वी एकदा नवीन म्हणून घेतलेल्या जनित्राचा रंग त्यांनी किल्लीने खरवडला, तेव्हा खालून कुठल्याशा साखर कारखान्याचे नाव निघाले. त्या दिवसापासून असे ठरले की कोणतीही मोठी वस्तू घेताना एका विश्वस्ताने ती स्वतः पाहावी आणि विक्रेता जे आहे म्हणतो ते तिच्यात खरोखर आहे, असे स्वतःच्या सहीने सांगावे. ही सही अर्थातच नेहमी भय्यासाहेब करत. बाकीच्यांना त्यात गोडी नव्हती.

तर अशा या भय्यासाहेबांच्या सहीवर एके वर्षी डॉक्टर मीरा हरदास हिचे सगळे भवितव्य येऊन थांबले.

मीरा रुग्णालयाची शल्यचिकित्सक. ती शाळेत असताना भय्यासाहेबांनीच तिला घरी भूमिती आणि रेखाटन शिकवले होते, आणि ती मोठ्या शहरांतल्या नोकऱ्या सोडून जबलपूरला परत आली याचा त्यांना तिच्या वडिलांपेक्षा जास्त अभिमान होता. पोटाला मोठी चीर न देता, बारीक छिद्रांतून दुर्बीण आणि चिमटे घालून ती शस्त्रक्रिया करी. दुर्बिणीतले चित्र समोरच्या पडद्यावर दिसे आणि त्याकडे पाहत तिचे हात चालत. पण तो पडदा साधा होता.

"काका, मी पोटात शिवण घालते ना, ते एक डोळा मिटून सुई ओवल्यासारखं आहे," ती त्यांना म्हणाली होती. "सुई डावीकडे आहे की उजवीकडे, ते दिसतं. किती आत आहे, ते अंदाजानं. मला तर सवय झाली. पण नवीन मुलं शिकायला येतात, त्यांची सुई भलतीकडेच टोचून राहिली."

"अंदाज म्हणजे अव्यवस्था," भय्यासाहेब म्हणाले होते, आणि मंडळापुढे तिची बाजू त्यांनीच मांडली होती.

वर्षभराच्या खटपटीनंतर नवे यंत्र आले. त्याच्या दुर्बिणीच्या टोकाला दोन भिंगे होती, माणसाच्या दोन डोळ्यांसारखी शेजारी शेजारी. दोन्ही भिंगांची चित्रे एकाच पडद्यावर येत, आणि विशिष्ट चष्मा लावला की प्रत्येक डोळ्याला आपापले चित्र मिळून पोटाच्या आतली खोली जशीच्या तशी दिसे. यंत्र पसंतीवर आलेले होते. ते लावायला कंपनीने दुबे नावाचा अभियंता पाठवला होता. भय्यासाहेबांनी सही केली तर यंत्र राहणार होते. नाही केली तर दुबे ते पुन्हा खोक्यांत भरून रायपूरला नेणार होता. तिथले एक रुग्णालय टपूनच बसले होते.

पाहणी सभागृहात झाली. रुग्णाचे पोट मिळणे शक्य नव्हते, म्हणून मीराने सरावाची पेटी आणली होती. पेटीच्या आत छोट्या खुंट्या रोवलेल्या होत्या आणि रबरी कड्या ठेवलेल्या होत्या. बाहेरून लांब चिमटे आत घालून, पडद्याकडे पाहत, कडी उचलून खुंटीत अडकवायची, असा तो सराव. मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत पुढच्या खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी भय्यासाहेबांनी आपल्या चष्म्यावर यंत्राचा चष्मा चढवला आणि तो घसरू नये म्हणून मागे दोरी बांधून घेतली. शस्त्रक्रियागृहाच्या शैलजा सिस्टरांनी दिवे मालवले.

"अरे बापरे," विष्णुपंत मागे सरले. "हा चिमटा तर नाकाला लागून राहिला."

"काय खोली आहे," सिस्टर म्हणाल्या.

भय्यासाहेब पाहत होते. त्यांना खुंट्या दिसत होत्या, कड्या दिसत होत्या, चिमटा दिसत होता. चित्र उत्तम होते. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखे सपाट होते.

त्यांनी चष्मा काढला. चित्र एकदम दुहेरी आणि धूसर झाले. चष्मा लावला, स्वच्छ झाले. काढला, धूसर. लावला, स्वच्छ.

"दुबेजी, बिना चश्मे के यह धुँधला क्यों है?"

"सर, इसमें दो तस्वीरें हैं. एक बाईं आँख की, एक दाईं की. चश्मा दोनों को अलग करता है."

"अच्छा." भय्यासाहेब विष्णुपंतांकडे वळले. "म्हणजे आधी चित्र बिघडवायचं आणि मग ते सुधारायला चष्मा द्यायचा. आपल्या जुन्या पडद्यावर हेच चित्र चष्म्याविना स्वच्छ दिसतं."

"पण खोली, भय्यासाहेब? खोली केवढी आहे."

"मला नाही दिसली."

मीराला वाटले काका थट्टा करत आहेत. तिने चिमट्याने एक कडी उचलली. "काका, सांगा बरं. कडी खुंटीच्या पुढे आहे की मागे?"

"पुढे."

"आता?"

"मागे. बोटभर मागे."

"बघा, दिसली ना खोली."

"यात खोली कुठे आली? आधी कडीनं खुंटी झाकली होती, आता खुंटीनं कडी झाकली. झाकते ती वस्तू पुढची. शिवाय सावली सरकली. हे मी पहिल्या वर्षाला शिकवत होतो."

उत्तरे तंतोतंत बरोबर होती, म्हणून मीराने चिमटा खाली ठेवला. भय्यासाहेबांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणी होईल, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते मोजपट्टी, ओळंबा आणि गवंड्याची पाणसळ घेऊन आले. पडदा पाणसळीत होता. दुबेने नम्रपणे सांगितले की पाहणाऱ्याचा डोळा पडद्याच्या मध्याशी समपातळीत हवा, फार वर किंवा खाली असला तर दोन चित्रे एकमेकांत मिसळतात. हे ऐकून भय्यासाहेबांना हुरूप आला, कारण हा मुद्दा मोजता येण्याजोगा होता. त्यांनी कोठारातून पंगतीचे पाट मागवले, खुर्चीवर एकावर एक ठेवले आणि त्यांवर चढून बसले. शैलजा सिस्टरांनी खुर्चीची पाठ धरली. डोळा पडद्याच्या मध्याशी आला. चित्र सपाटच राहिले. एक पाट काढला. सपाट. एक पाट वाढवला, तशी खुर्ची डुलली आणि भय्यासाहेब यंत्रासह रायपूरला जातात की काय असे सिस्टरांना वाटले, परंतु चित्र सपाटच होते.

"सर, एक काम कीजिए," दुबे थकून म्हणाला, "थोड़ा रिलैक्स होकर देखिए."

"जो वस्तु है, वह तनाव में भी दिखनी चाहिए," भय्यासाहेब पाटांवरून म्हणाले.

आता त्यांच्या मनात एक संशय मूळ धरू लागला. बाकीच्यांना तरी खरोखर काही दिसत होते काय? विष्णुपंत मोठे भिडस्त गृहस्थ. शोकसभेतही कोणी पेढा पुढे केला तर ते छान आहे म्हणून घेत. त्यांनी पहिली वाहवा केली, आणि अध्यक्षांना दिसते ते आपल्याला दिसत नाही असे सांगायला सिस्टर धजावल्या नसतील. संशयाची शहानिशा करणे आवश्यक होते. भय्यासाहेबांनी दुबेला बाजूला घेतले आणि पडदा गुपचूप साध्या सपाट चित्रावर ठेवायला सांगितले. मग विष्णुपंतांना बोलावून चष्मा दिला.

"बघा बरं, विष्णुपंत. आज आणखी सुधारणा केली आहे."

विष्णुपंतांनी पाहिले. मग समोर दोन माणसे उत्तराची वाट पाहत आहेत हे त्यांच्या ध्यानात आले.

"वा," ते म्हणाले. "आज तर कालच्यापेक्षा जास्त बाहेर येऊन राहिलं."

दुबेने कपाळाला हात लावला. भय्यासाहेबांनी शांतपणे विष्णुपंतांच्या नाकावरचा यंत्राचा चष्मा काढला, घडी घालून मेजावर ठेवला, आणि संध्याकाळच्या आत आपला नकार मीराला कळवला.

मीरा सभागृहात धावत आली तेव्हा दुबे खोकी उघडून बसला होता.

"काका, तुम्ही काहून असं करून राहिले? मी वर्षभर भांडले यासाठी. मला दिसतं ना. मी रोज ऑपरेशन करते, मला दिसतं."

"मीरा, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण नियम विश्वासाचा नाही, पाहण्याचा आहे. 'स्वतः पाहिले' असं लिहून खाली सही करायची असते. मी पाहिलेलं नाही."

"मग दुसऱ्या कोणाला करू द्या सही."

"विष्णुपंतांना?" भय्यासाहेब म्हणाले. "त्यांना बंद पडद्यावरही खोली दिसेल."

विष्णुपंत खिडकीतून बाहेर पाहू लागले.

याच वेळी भय्यासाहेबांच्या पत्नी सरोजिनीबाई दारात आल्या. नवरा दोन दिवस जेवणाची वेळ चुकवत होता, म्हणून त्या ऑटो करून डबा आणि रक्तदाबाची गोळी घेऊन आल्या होत्या. त्यांना पाहताच भय्यासाहेबांचा चेहरा उजळला. डब्यासाठी नव्हे. त्यांना साक्षीदार सापडला होता. इतक्या वर्षांच्या संसारात सरोजिनीबाईंनी त्यांच्या एकाही मताला, केवळ त्यांना बरे वाटावे म्हणून, मान डोलावलेली नव्हती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पतीचे सुवाच्य अक्षर पाहून, "वाचता येतं, पण कोरडं आहे," असे मत दिले होते. अशी व्यक्ती अध्यक्षांना किंवा डॉक्टरला खूश करण्यासाठी खोटे बोलणे सर्वस्वी अशक्य होते.

"सरोजिनी, इथे बस. हा चष्मा लाव. आणि जे दिसतं तेवढंच सांग."

"आधी गोळी घ्या."

गोळी घेतली गेली. दुबेने पडदा पुन्हा लावला. सरोजिनीबाईंनी चष्मा लावला, पदर सावरला आणि पडद्याकडे पाहिले. मीराने पेटीत चिमटा घालून कडी उचलली.

सरोजिनीबाईंचा उजवा हात आपोआप वर आला आणि पडद्यापुढच्या मोकळ्या हवेत, जिथे काहीही नव्हते, तिथे अलगद थांबला.

"अगं मीरा," त्या म्हणाल्या, "ही कडी इथं आहे. धरू का?"

भय्यासाहेबांनी दुबेला डोळ्यांनी खूण केली. दुबेने कळ दाबली.

"आता काहून चपटं केलं?" सरोजिनीबाई लगेच म्हणाल्या. "चांगलं चाललं होतं ना."

दुबेने पुन्हा कळ दाबली. "हां, आलं," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात पुन्हा वर आला. मग त्यांनी चष्म्याआडून नवऱ्याकडे पाहिले. इतकी वर्षे पाहिलेला चेहरा होता, पण असा पडलेला त्यांनी पाहिलेला नव्हता.

"तुम्हाला नाही दिसून राहिलं?"

"मला दोन्ही वेळा सारखंच दिसलं."

"कसं?"

"तू म्हणालीस तसं. चपटं."

मीराने चिमटा खाली ठेवला. ती त्यांच्याजवळ आली आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "काका, चष्मा लावा. आता डाव्या डोळ्यावर हात ठेवा. काही बदललं?"

"काही नाही."

"काकू, तुम्ही करा."

"मेलं चपटं झालं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"काका, आता उजवा डोळा झाका."

भय्यासाहेबांनी उजवा डोळा झाकला, आणि खुंट्या, कड्या, मीरा, विष्णुपंत सगळे धुक्यात गेले. डावा डोळा जरा मंद आहे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. पण उजवा तेज आहे आणि एक कर्मचारी रजेवर असला तरी कचेरी चालते, असा त्यांचा हिशेब होता. मीराने समजावून सांगितले. लहानपणी एक डोळा मंद राहिला की मेंदू त्याचे चित्र बाजूला टाकतो. मग दोन डोळ्यांतल्या फरकावरून जी खोली कळते, ती त्या माणसाला कधी कळतच नाही. तो सावल्यांवरून, झाकण्यावरून, आकारावरून भागवून नेतो, आणि सगळ्यांना जग असेच दिसते असे समजतो. यंत्रात दोष नव्हता.

"म्हणून चहा," सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या.

"चहाचं काय?"

"किटली कपाला टेकवल्याशिवाय ओतत नाही तुम्ही. मी सगळ्यांना सांगत आली, यांना सांडायची फार धास्ती."

"म्हणून अक्षता," शैलजा सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांचा भाऊ मामा म्हणून उभा होता.

"म्हणून तूप," मागून विष्णुपंत म्हणाले, आणि बोलल्याबरोबर त्यांना पस्तावा झाला.

"तुपाचं काय?" भय्यासाहेबांनी विचारले.

सिस्टरांनी विष्णुपंतांकडे पाहिले, विष्णुपंतांनी दुबेकडे. शेवटी सरोजिनीबाईंनीच सांगितले. नवऱ्याशी गोड खोटे बोलायला त्या आजपर्यंत शिकल्या नव्हत्या, आणि आता शिकण्याचे वय नव्हते. पत्रावळी का सरकतात ते त्यांनी सांगितले. सतरंजी दरवर्षी धोब्याकडे का जाते तेही सांगितले.

भय्यासाहेब खुर्चीवर बसले. खुर्ची कुठे आहे हे त्यांनी आधी हाताने चाचपून पाहिले, आणि आपण असे आयुष्यभर करत आलो आहोत हे त्यांच्या प्रथमच लक्षात आले. घमापुरातली ती भाजीची गाडी त्यांना आठवली. ती बहुधा नियमातच उभी होती. बोटभर सरकलेला तांब्या आठवला. ज्याला ते शिस्त म्हणत आले, ती म्हणजे वस्तू सापडाव्यात म्हणून त्यांनी नकळत बांधलेली सोय होती काय? आणि मग सर्वांत वाईट विचार आला.

"मीरा, मी इतक्या मुलांना खोली काढायला शिकवली. मला दिसत नव्हती ती."

"कागदावर कुठं असते खोली, काका? ती दाखवायची असते. ती तुम्हीच सगळ्यांत चांगली दाखवली."

"समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. यथार्थदर्शन काढताना पाहणाऱ्याचे दर्शनबिंदू किती धरायचे? तुम्हीच शिकवलं होतं."

भय्यासाहेबांनी विचार केला. "एक," ते म्हणाले. "नेहमी एकच. दोन डोळे धरतच नाहीत." आणि मुद्दा शास्त्रशुद्ध असल्यामुळे त्यांना थोडे बरे वाटले.

मीराने संधी साधून पेन पुढे केले. "मग करता ना सही?"

"आता तर मुळीच नाही."

दुबेला मराठी फारसे कळत नव्हते, पण 'मुळीच' कळले. तो पुन्हा खोक्यांकडे वळला.

"कालपर्यंत मला शंका होती की खोली नसावी," भय्यासाहेब म्हणाले. "आज खात्री झाली की ती मला दिसणारच नाही. जे मला दिसू शकत नाही, ते 'स्वतः पाहिले' असं लिहू? मी उद्या राजीनामा देईन, पण ते लिहिणार नाही."

"अहो," सरोजिनीबाई डब्याचे झाकण बंद करत म्हणाल्या, "खोली नाही दिसत, ठीक आहे. कडी पडली का नाही पडली, हे तरी दिसतं ना? का तेही नाही?"

भय्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी खिशातून टोकदार पेन्सिल काढली.

पुढची परीक्षा त्यांच्या तंत्रनिकेतनातल्या परीक्षांसारखी झाली. प्रत्येकाने तेवढ्याच कड्या, तेवढ्याच वेळात, आधी सपाट पडद्यावर आणि मग खोलीच्या पडद्यावर खुंट्यांत अडकवायच्या. बोलायचे नाही, वाहवा करायची नाही. भय्यासाहेब पेटीशेजारी उभे राहून पडलेल्या कड्या टिपणार. मीराच्या कड्या सपाट पडद्यावरही थोड्याच पडल्या, दुसऱ्या पडद्यावर एकही नाही. शैलजा सिस्टरांच्या निम्म्याहून कमी झाल्या. सरोजिनीबाईंनी जन्मात असा चिमटा धरला नव्हता. सपाट पडद्यावर त्यांच्या साऱ्याच कड्या पडल्या, "हे यंत्रच वाकडं आहे" असे त्या म्हणाल्या, आणि मग चष्मा लावून त्यांनी कड्या अशा अडकवल्या जसे दोरीवर चिमट्यांनी धुणे. विष्णुपंतांच्या दोन्ही वेळा सगळ्या पडल्या. हात कापतात, असे त्यांनी सांगितले, आणि यावेळी ते खरे होते.

शेवटी भय्यासाहेब स्वतः बसले. दोन्ही पडद्यांवर त्यांच्या सारख्याच कड्या पडल्या, ना एक कमी ना एक जास्त. सपाट पडद्यावर मात्र ते मीराच्या खालोखाल होते. हे मीराने मोठ्याने बोलून दाखवले. पेन्सिलीचे टोक तपासण्यासाठी त्यांनी मान खाली घातली.

मग त्यांनी पेन मागितले आणि आपल्या कोरड्या, सुवाच्य अक्षरांत लिहिले:

"खोली पाहिली नाही. खोलीचा परिणाम स्वतः पाहिला. यंत्र निर्दोष. निरीक्षक सदोष; तथापि निरीक्षण ग्राह्य."

खाली सही केली. दुबेने खोकी रिकामी करायला घेतली, आणि सरोजिनीबाईंनी डबा उघडून त्यालाही एक पोळी दिली.

त्या वर्षीची रामनवमी यंत्र आल्यानंतरची पहिली होती. तूप वाढायला आता भय्यासाहेब येणार नाहीत, असे सर्वांनी धरले होते. ते आले. तोच सदरा, तेच भांडे. फरक एवढाच की त्यांनी घरी आठवडाभर सरोजिनीबाईंच्या देखरेखीखाली सराव केला होता. चहाची रीतच तुपाला लावायची, असे ठरले होते. वाकायचे, चमच्याचे टोक आधी भाताच्या मुदीला टेकवायचे, टेकल्याचे हाताला कळले की मगच चमचा कलता करायचा.

ओळीच्या टोकाला अध्यक्ष म्हणून विष्णुपंत बसले होते. भय्यासाहेब त्यांच्यासमोर वाकले. चमचा भाताला टेकला, अगदी मधोमध. भय्यासाहेबांनी समाधानाने तो कलता केला. आणि त्याच क्षणी विष्णुपंतांच्या हाताने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यांना न विचारता पत्रावळ वीतभर पुढे ढकलली.

तूप सतरंजीवर पडले.

दोघेही त्या तुपाकडे पाहत राहिले.

"विष्णुपंत," भय्यासाहेब म्हणाले, "पान जागेवर घ्या."

विष्णुपंतांनी पान जागेवर घेतले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. भय्यासाहेबांनी पुन्हा चमचा भरला, पुन्हा टेकवला. ओळीत पुढे बसलेल्या सर्वांनी एकमेकांकडे पाहून आपापले हात मांडीखाली घेतले, आणि तुपाची धार पहिल्यांदाच पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न सरकलेल्या पत्रावळींवर पडत गेली.

"थोडं जास्त वाढा," शेवटच्या पानावरून सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता काही वाया जात नाही."

त्यांनी अर्धा चमचा जास्त वाढला.